आमच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात तणनाशक फवारून राहिले, थांबवावं कसं?

धानोऱ्याची ताई (गडचिरोली)
नाल्यापलीकडं दोन वर्षांआधी सागाचं रोपवन लागलं. दहा दिवसांआधी आम्ही बाया सात्या (रानातल्या अळंब्या) पाहायला गेलो, तर सहा पोरं पाठीवर पंप घेऊन फवारत होती. तोंडाला दुपट्टा, पायात स्लीपर. ठेकेदारानं गवत मारायला सांगितलं म्हणे. आज जाऊन पाहिलं. गवत तर वाळलंच, पण काटवलाचे (रानभाजीचे) वेलही लोळले. तेंदूच्या झुडपांची पानं कडेनं पिवळी पडून मुरडली आहेत. मे महिन्यात याच पानांवर आमच्या पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे निघतात. रिकामे डबे नाल्यातच धुतले, तिथंच खाली गावची ढोरं पाणी पितात. डब्यावर ग्लायफोसेट लिहिलं आहे. ग्रामसभेला कोणी एका शब्दानं विचारलं नाही.

कोरचीवाला
ताई, तो डबा उघड्या हातानं उचलू नका, आधी फोटो काढा. हे औषध पानातून मुळापर्यंत उतरते. कापलेला तेंदू पुन्हा फुटते, पण याच्यानं बूड मेलं तर फुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आहे.
तुमचा आधार २००६ चा वनहक्क कायदा. कलम ५ प्रमाणे जंगल, पाणी, जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. ठराव घ्या, त्यात फवारणीची तारीख आणि गट नंबर टाका. वनविभाग, तहसीलदार, कृषी अधिकारी, तिघांनाही प्रत द्या आणि पोच घ्या. पोच नसली तर कागद आलाच नाही म्हणतात.

रोपवनावरचा मजूर, ब्रह्मपुरी
आमचीही बाजू ऐका. पावसाळ्यात तण कंबरेएवढं होते, रोपटं दिसत नाही. निंदणीची वेळ येते तेव्हा सारे धानाच्या रोवणीत. माणूस भेटत नाही, म्हणून पंप येते. मी स्वतः मारलं आहे, रात्रभर डोळे चुरचुरायचे. हातमोजे कोणी दिले नाहीत.

कोरचीवाला
दादा, २०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर कीटकनाशक फवारताना किती शेतकरी-मजूर गेले, आठवा. तुम्ही सांभाळून राहा. अन् कॅनडातल्या क्युबेक प्रांतानं २००१ पासून सरकारी जंगलात तणनाशक बंद केलं. तिथं तण यंत्रानं, हातानं काढतात.

धानोऱ्याची ताई
ब्रह्मपुरीच्या दादाचं खोटं नाही. रोवणीत आम्हीही चिखलात असतो. पण रोवणी पोळ्याच्या आधी आटोपते, मग आमच्या गटाच्या बाया विळे घेऊन रोपवन निंदतील. ठेकेदाराला जो पैसा जाते तो मजुरी म्हणून आम्हाला द्या. आम्हाला तेंदू कोणता, काटवल कोणतं अन् सागाचं रोप कोणतं, ओळखता येते. ठरावात हेही लिहून घेतो. बुधवारी ग्रामसभा आहे, डब्याचा फोटो मोठा काढून नेते.