मदत हवी आहे: फक्त चाप (ट्रिगर) झाकणारे होल्स्टर .32 पिस्तुलासाठी कितपत सुरक्षित?

नमस्कार.

मी नाशिकला राहतो. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात, मजुरीची आणि व्यवहाराची रोकड घेऊन पिंपळगाव बसवंत ते नाशिक हा प्रवास पहाटे किंवा रात्री उशिरा करावा लागतो. त्याच कारणासाठी आधी वडिलांनी आणि नंतर मी स्वसंरक्षणाचा शस्त्र परवाना घेतला. माझ्याकडे आयुध निर्माणीचे .32 बोअरचे (बोअर म्हणजे नळीचे माप) पिस्तूल आहे. परवान्याची मुदत आणि पोलीस ठाण्यातील नोंद व्यवस्थित असून, माझा प्रश्न पिस्तूल अंगावर सुरक्षितपणे कसे बाळगावे एवढाच आहे.

आतापर्यंत मी वडिलांचे जुने चामड्याचे होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचे म्यान, वापरत होतो. गेल्या महिन्यात घरी मॅगझीन (गोळ्यांची पेटी) काढून, चेंबर (नळीमागचा गोळी बसण्याचा कप्पा) दोनदा डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, पिस्तूल काढण्याचा आणि परत ठेवण्याचा सराव करत होतो. एकदा ते आत सरकवताना ‘खट्’ असा आवाज झाला. पाहतो तर होल्स्टरच्या तोंडाचे चामडे इतक्या वर्षांच्या घामाने आणि वापराने मऊ पडले होते, त्याची घडी आतल्या बाजूला वळली होती, आणि पिस्तूल खाली जाताना तीच घडी ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे चापाभोवतीच्या कडीत, शिरून चापावर दाबली गेली होती. सेफ्टी (गोळी सुटू न देणारी खुटी) मी लावलेली नव्हती, ही चूक पूर्णपणे माझी. चेंबरमध्ये गोळी असती तर ती मांडीत गेली असती, आणि घरात त्या वेळी माझी मुलगी शेजारच्याच खोलीत अभ्यास करत होती. ते होल्स्टर मी त्याच संध्याकाळी कात्रीने कापून टाकले, म्हणजे पुन्हा कोणाच्या हाती लागायला नको.

तेव्हापासून पर्याय शोधताना केवळ ट्रिगर गार्ड झाकणारी होल्स्टरे पाहण्यात आली. जाणकारांना ती माहीत असतीलच, तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात लिहितो. कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचा, तळहातात मावेल एवढा एक साचेबद्ध तुकडा असतो. तो चाप आणि त्याभोवतीची कडी दोन्ही बाजूंनी झाकून घट्ट बसतो. स्लाइड (वरचा सरकता भाग), नळी आणि मूठ उघडीच राहते. त्याला बळकट दोरीचा एक फास असतो आणि तो फास पट्ट्यात अडकवायचा असतो. पिस्तूल पँटच्या आत कमरेशी खोचलेले असते. ते वर ओढले की दोरी ताणली जाते, तुकडा निसटून पट्ट्यालाच लटकत राहतो आणि हातात मोकळे पिस्तूल येते. आकार अगदी लहान असल्यामुळे सुती सदऱ्याखालीही काही जाणवत नाही. उन्हाळ्यात जाकीट घालणे शक्य नसते, त्यामुळे हा गुण मला मोलाचा वाटतो.

मात्र माझ्या मनात काही शंका आहेत. ही होल्स्टरे प्रामुख्याने ग्लॉकसारख्या 9 मिमी पिस्तुलांच्या मापाची बनतात. 9 मिमी आपल्याकडे निषिद्ध बोअर असल्याने सामान्य परवानाधारकाकडे .32 असते, आणि त्याची कडी, चापाचा आकार, सगळेच निराळे. ‘जवळपास बसते’ असे होल्स्टर वापरणे म्हणजे मऊ चामड्याचीच चूक कडक प्लास्टिकमध्ये पुन्हा करणे होय, असे मला वाटते. म्हणून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत साचेकाम करणाऱ्या एखाद्या कारागिराकडून माझ्या पिस्तुलाच्या मापाचा तुकडा करून घ्यावा का, असा विचार आहे. शिवाय ग्लॉकला बाहेरून लावायची सेफ्टी नसते, माझ्या पिस्तुलाला अंगठ्याने फिरवायची सेफ्टी आहे आणि या प्रकारात ती उघडीच राहते; गाडीत बसता-उठताना ती अंगाला घासून आपोआप खाली सरकण्याचा धोका आहे का?

शस्त्र नियम 2016 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी अंगावर बाळगलेले पिस्तूल हे त्यासाठीच बनवलेल्या आणि अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये, पूर्णपणे झाकलेले आणि आपल्या ताब्यात राहील असे असले पाहिजे. दोरीने पट्ट्याला बांधलेला एवढासा तुकडा या अटीत बसतो का, हेही कोणी अनुभवाने सांगितले तर उपकार होतील.

प्रतिसाद 1 (जुना नेमबाज)

आपण ती घटना मोकळेपणाने लिहिलीत, यासाठी प्रथम धन्यवाद. मऊ चामडे, सदऱ्याचे टोक, जाकिटाच्या नाडीचे बटण यांपैकी काहीही पिस्तूल ठेवताना चापाच्या कडीत शिरू शकते. गोळी अनवधानाने सुटण्याचा मोठा धोका पिस्तूल काढण्यापेक्षा परत ठेवताना असतो.

या एका बाबतीत चाप झाकणारे होल्स्टर नीट वापरले तर खरोखर चांगले आहे, कारण ते कमरेवर असताना त्यात पिस्तूल परत घालताच येत नाही. आधी तुकडा पट्ट्यातून सोडवायचा, नळी सुरक्षित दिशेला धरून तो चापावर घट्ट बसवायचा, बसल्याचा आवाज आणि पकड तपासायची, आणि मगच पिस्तूल कमरेत खोचून फास पट्ट्यात अडकवायचा. म्हणजे नळी शरीराकडे वळते तेव्हा चाप आधीच बंद झालेला असतो. घाई असलेल्या माणसाला हे कंटाळवाणे वाटते, पण घाई नसणे हाच त्याचा फायदा आहे. कोणी कमरेवरच्या तुकड्यात पिस्तूल दाबून बसवण्याचा प्रयत्न केला, तर मात्र त्याने सगळे संरक्षण घालवले असे समजावे.

सेफ्टीबद्दलची आपली शंका रास्त आहे. ती उघडी राहते आणि अंगाला घासून सरकू शकते. म्हणूनच चाप झाकलेला असणे हे पहिले संरक्षण मानावे आणि सेफ्टीला दुसरे.

प्रतिसाद 2 (निफाडकर)

दादा, मी आपल्याच भागातला आहे, त्यामुळे एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे होल्स्टर पट्ट्याशिवाय निरुपयोगी आहे. आपल्याकडे बाजार समितीत अनेक जण नेहरू शर्ट आणि नाडीचा पायजमा घालतात. नाडीला फास बांधला तर ओढताना नाडीच वर येते आणि तुकडा पिस्तुलावरच राहतो. शिवाय पिस्तुलाला आधार कमरेच्या दाबाचाच असतो, तो पायजम्यात मिळत नाही. पंगतीला मांडी घालून बसल्यावर किंवा बागेत वाकून काम करताना पिस्तूल वर सरकते आणि ताबा सुटतो. अशा दिवशी कडक प्लास्टिकचे, पूर्ण लांबीचे आणि पट्ट्याला क्लिपने बसणारे होल्स्टर बरे, किंवा शस्त्र घरी कुलपात ठेवलेले बरे.

दोरीची लांबीही महत्त्वाची आहे. फास लांब झाला तर पिस्तूल पूर्ण वर आले तरी तुकडा सुटत नाही, आणि फार आखूड असेल तर चालताना ताण बसून तो आधीच निसटू शकतो. रिकाम्या पिस्तुलावर पन्नास वेळा तपासून मगच लांबी ठरवावी.

प्रतिसाद 3 (गंगापूर रोड)

साचा करून घेण्याबद्दल सावध राहावे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 3 मध्ये, परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, दुसऱ्या व्यक्तीला शस्त्र नेण्याची मुभा दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा परवानाधारकाचा स्वतःचा वापर यांपुरतीच आहे. होल्स्टरचा साचा त्यात येत नाही, त्यामुळे पिस्तूल कारखान्यात ठेवून येण्याचा विचारही करू नये. तसेच कायडेक्स दीडशे अंशांच्या वर तापवून मऊ असतानाच दाबून आकार देतात. खऱ्या पिस्तुलावर हा प्रयोग करण्यापेक्षा घरी कॅलिपरने (जाडी-रुंदी मोजायच्या उपकरणाने) मापे घेऊन त्यावरून कडीचा आणि चापाचा निर्जीव नमुना करवून घ्यावा आणि साचा त्यावर काढावा.

नियमाबद्दल म्हणाल तर त्यात होल्स्टरच्या आकाराचे बंधन नाही. पिस्तुलासाठी बनवलेले असणे, अंगाला जोडलेले असणे, शस्त्र पूर्ण झाकलेले असणे आणि ताबा राहणे, या चारही अटी पाळाव्या लागतात. फास पट्ट्यात आणि सदरा वरून नीट खाली असेल तर त्या पाळल्या जातात; सदरा वर सरकून मूठ दिसली तर नाही. तरीही परवाना देणाऱ्या कार्यालयात एकदा विचारून घ्यावे: शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय.

धागाकर्ता

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. नमुन्याचा मार्ग मला सुचलाच नव्हता आणि पिस्तूल कारागिराकडे नेण्याची चूक माझ्या हातून नक्की झाली असती.

मी असे ठरवले आहे की, तुकडा मापाने तयार होईपर्यंत पिस्तूल पूर्ण लांबीच्या कडक होल्स्टरमध्येच राहील, आणि पुढेही चेंबर रिकामेच ठेवीन. आमच्यासारख्या साध्या बनावटीच्या पिस्तुलाच्या बाबतीत चाप कितीही झाकला तरी ते नळीवर आपटून पडल्यास धोका राहतोच, म्हणून हा निर्णय. एक पाऊल उशिरा तयार होणे मला मान्य आहे.

एकच विनंती उरते. आयुध निर्माणीचे .32 पिस्तूल असलेल्या कोणी चापाच्या कडीची बाहेरची रुंदी आणि जाडी कॅलिपरने मोजलेली असेल, तर ती येथे कळवावी. दोन पिस्तुलांची मापे जुळली तर नमुना त्यावरून करीन. जुळली नाहीत तर माझ्याच मापावर जाईन आणि झालेला तुकडा रिकाम्या पिस्तुलावर तपासून त्याचा अनुभव याच धाग्यावर लिहीन.