ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडल्याशिवाय बदलून मिळत नाही, तुमच्याकडे काय पद्धत आहे?

परीक्षा_शाखा

नमस्कार मंडळी, मी एका विद्यापीठात परीक्षा विभागात आहे, निकाल आणि गुणपत्रिका दुरुस्तीचं काम बघते. माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर २०१६ सालचा, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. सकाळी आल्याआल्या बटण दाबते, मग हजेरी लावते, कालच्या फायली काढून ठेवते, तरी लॉगिन होऊन एक्सेल उघडेपर्यंत २० मिनिटं जातातच. त्यात गेल्या महिन्यापासून एक नवीनच सुरू झालंय, रोज सकाळी घड्याळात कुठली तरी जुनी तारीख येते आणि मग कुठलीही साईट उघडली की "सुरक्षित नाही"ची पाटी, तारीख हाताने बदलली की सगळं सुरळीत.

परवा एक मुलगी दुरुस्त गुणपत्रिकेसाठी खिडकीत उभी होती, दुपारी तिची मुलाखत होती. तिचा सीट नंबर टाकला आणि स्क्रीनवर ते गोल फिरत बसलं. बिचारी एक शब्द बोलली नाही, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मला इतकं वाईट वाटलं ना.

तीनदा टिप्पणी पाठवली, तिन्ही वेळा शेरा तोच, "संगणक चालू स्थितीत आहे." शेजारच्या शाखेतला जळला तर त्यांना आठवड्यात नवा आला. म्हणजे जळायची वाट बघायची का? तुमच्याकडे वर्षं मोजून बदलतात की बंद पडल्यावर? आणि टिप्पणीत नेमकं काय लिहिलं तर वरचे लोक मनावर घेतील?

सिस्टिमरूम

ताई, आधी घड्याळाचं सांगतो कारण ते आजच्या आज होईल. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, मशीन बंद असताना तारीख-वेळ तोच सांभाळतो. तो संपलाय. साईटच्या सर्टिफिकेटला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, तुमचं मशीन मागच्या कुठल्यातरी वर्षात असतं म्हणून ब्राउझर ते नाकारतो. ५ मिनिटांचं काम आहे, तुमच्या आयटीवाल्यांना सेल बदलायला सांगा.

आता मुख्य मुद्दा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये बघा, सकाळी डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसेल. साध्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली, खूप वेगवान डिस्क) आणि ४ च्या जागी ८ जीबी रॅम घातली तर ते २० मिनिटांचं प्रकरण एक-दोन मिनिटांवर येतं, मी स्वतः अशी कितीतरी मशीन्स केलीत. पण तुमच्या बाबतीत मी तो खर्च करणार नाही. कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, ती पिढी आलीच २०१७ मध्ये. २०१६ चं मशीन त्यात बसत नाही. संस्थांना पैसे भरून सुरक्षा अपडेट मिळतात पण फार तर ३ वर्षं, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत, आणि त्याचा दर दरवर्षी दुप्पट होत जातो.

म्हणून टिप्पणीत "स्लो आहे" हा शब्दच नको. असं लिहा की या यंत्रावर विद्यार्थ्यांचे गुण आणि वैयक्तिक माहिती आहे आणि याला आता सुरक्षा अपडेट येत नाहीत. हे लेखी गेलं की नुसतं "चालू स्थितीत" लिहून पुढे ढकलणं अवघड होतं.

आमच्याकडे आधी तुमच्यासारखंच होतं. आता डेस्कटॉप ५ वर्षं आणि लॅपटॉप ४ वर्षं असं ठरलंय, दरवर्षी एकूण डेस्कटॉपचा पाचवा हिस्सा बदलतो. एकदम दोनशे घेतले की एकदमच दोनशे म्हातारे होतात, आणि त्या वर्षी नेमका निधी नसतो. मग सगळं विद्यापीठ अडकतं.

लेखा_कक्ष

मी दुसऱ्या बाजूला बसते, म्हणजे ज्या टेबलावर तुमची टिप्पणी येते त्या. खरं सांगू का, आमच्याकडे एकेका कॉम्प्युटरची मागणी सुटी येते, कुणी मंथ एंडला पाठवतं कुणी ऑडिटच्या आठवड्यात, आणि प्रत्येकीत "अत्यावश्यक" लिहिलेलं असतं. आम्ही तरी कशावरून ठरवायचं कुणाचं खरंच अडलंय. तुमच्या शाखेची एकत्र यादी द्या, डेड स्टॉक रजिस्टरचा (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीचा) नंबर, खरेदीचं वर्ष, रॅम, त्यावर कोणतं काम चालतं. आणि वेळेचा हिशोब घाला. रोज २० मिनिटं आणि वर्षाला २४० दिवस धरले तर ८० तास होतात, म्हणजे एका माणसाचे पूर्ण १० दिवस नुसते स्क्रीनकडे बघण्यात जातात. हा आकडा मी एकदा बैठकीत वाचून दाखवलाय, त्यानंतरच आमच्याकडे संगणक बदलासाठी दरवर्षीचं वेगळं लेखाशीर्ष आलं.

एक मात्र म्हणेन, प्रत्येकाला कोरंच मशीन पाहिजे असं नाही. आवक-जावकला ३ वर्षांचं मशीन अजून २ वर्षं छान चालतं.

प्रवेश_विभाग

लेखा मॅडम, बाकी सगळं पटलं पण ते शेवटचं जरा अर्धवट आहे. जुनं मशीन खाली सरकवताना ते कामाच्या नाही, पदाच्या उतरंडीने सरकतं. साहेबांना नवा लॅपटॉप, त्यावर मेल वाचायचे आणि सह्या करायच्या, आणि जो माणूस ४० हजार अर्जांची शीट दिवसभर उघडून बसतो त्याच्याकडे साहेबांचा जुना. जड काम ज्याचं त्याला चांगलं मशीन, मग तो लिपिक असो की कुलसचिव, एवढं एक वाक्य नियमात आलं पाहिजे.

आणि परीक्षा ताई, मशीन मिळालं की बदलायच्या दिवशी सांभाळा हो. माझा नवा आला तेव्हा मी रजेवर होते. जुना त्याच दुपारी भांडारात गेला आणि पुसून टाकला. माझे ७ वर्षांचे मेल त्यात पीएसटी फाईलमध्ये, म्हणजे आउटलुक त्याच मशीनवर साठवतं त्या फाईलमध्ये होते, सर्व्हरवर नव्हतेच, ते मला तरी कुठे माहीत होतं. समित्यांचे निर्णय, मुदतवाढीची पत्रं, सगळं गेलं. अजूनही कुणी जुना संदर्भ मागितला की पोटात गोळा येतो. त्यामुळे जुनं मशीन निदान २ आठवडे टेबलाखाली राहू द्या असं लेखी मागा. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, गुणपत्रिका छापायच्या प्रिंटरचे मार्जिन, ब्राउझरमधले पासवर्ड, पत्रांचे नमुने, हे सगळं तुम्ही स्वतः खुर्चीत बसून चालवून बघितल्याशिवाय पोच सही करू नका.

सिस्टिमरूम

हे वाचून फार वाईट वाटलं, आणि चूक आमच्या लोकांची आहे. पुसणं गरजेचंच असतं, निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून काढून टाकायला जाणारं मशीन नुसतं फॉरमॅट केलं तर माहिती परत काढता येते, आणि एसएसडीवर वरून शून्यं लिहूनही भागत नाही, तिची स्वतःची सिक्युअर इरेजची कमांड चालवावी लागते. पण पुसायच्या आधी वापरणाऱ्याची सही घ्यायलाच हवी, आता आम्ही त्याशिवाय मशीन हलवतच नाही.

परीक्षा_शाखा

सगळ्यांचे मनापासून आभार. सेल बदलून घेतला, आज सकाळी तारीख बरोबर होती आणि पाटीही आली नाही. आयटीचे दादा आले होते तेव्हाच टीपीएम बघून घेतलं, व्हर्जन १.२ दिसतंय, त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. मग शाखेतली सगळीच मशीन्स बघितली, १४ पैकी ९ अशीच निघाली. लेखा मॅडम, तुम्ही सांगितलं तशी एकत्र यादी केली, ८० तासांचा हिशोब वरच लिहिला, आणि पहिला नंबर माझा न घालता फेरमूल्यांकनाच्या खिडकीवरच्या मशीनचा घातला, तिथे रोज रांग असते. खाली २ आठवड्यांची आणि सहीची अट पण टाकली. आत्ताच जावक नंबर घेऊन आले.