केमिस्ट्री एमएससी, ११ वर्षं कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये, आता हायस्कूलला विज्ञान शिकवायचंय

वय ३६. घरी भाचीला दहावीचं विज्ञान शिकवताना जे समाधान मिळतं ते नोकरीत कधीच मिळालं नाही. बीएड करावंच लागेल का? तयारी कुठून सुरू करू?

चष्मेवाली: ताई, बीएड लागेलच, दोन वर्षांचं, आधी सीईटी द्यायची. पदवीला किंवा एमएससीला ५०% हवेत, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. अनुदानित शाळेत जायचं असेल तर टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, २०० मार्कांची, आणि मग पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा वेगळी, ती आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी, लोक या दोन्हीत कायम गोंधळ करतात.

साताऱ्याचा मास्तर: कागदपत्रं होतील हो, पण आधी एखाद्या ओळखीच्या शाळेत आठवडाभर मागच्या बाकावर बसून या. मी कंपनी सोडून आलो तेव्हा पहिल्याच तासाला प्रकाशाच्या अपवर्तनाचा, म्हणजे काचेत शिरताना किरण वाकतो त्याचा, नियम फळ्यावर लिहिला आणि साठ पोरं नुसती बघत बसली, दुसऱ्या दिवशी काचेची चीप, चार टाचण्या आणि कोरा कागद दिला, एका पोरीने काचेतून बघत टाचण्या एका रेषेत आणल्या आणि चीप उचलल्यावर ओरडली, सर रेघ सरकली! तेव्हा कुठे मला शिकवणं कळलं. आणि केमिस्ट्रीवर थांबू नका, पेशी आणि आनुवंशिकताही तुम्हालाच शिकवायचीय.

प्रश्नकर्ती: दोघांचे मनापासून आभार. घराजवळच्या शाळेत उद्याच विचारते.