खर्रा: माहिती असूनही का सुटत नाही?

'लोकांना धोका माहीत नाही म्हणून खर्रा सुटत नाही', हे मत पटत नाही. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. आमच्या यवतमाळकडे खर्रा घोटणाऱ्यालाही तोंडाचा कॅन्सर ठाऊक आहे. पण कॅन्सर पुढे कधीतरी; कामावर भूक मारणं, पानठेल्यावरची बैठक, दोस्तानं पुढे केलेली खर्र्याची पन्नी, हे आत्ताचं. मन जवळच्या फायद्यालाच झुकतं. वरून कुणी दरडावलं की माणूस सवयीचीच वकिली करतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या समुपदेशनाच्या पद्धतीत सोडायची कारणं त्याच्याच तोंडून येऊ देतात. गावोगावच्या आशाताईंना (आरोग्य कार्यकर्त्यांना) भीतीच्या पोस्टरपेक्षा हे शिकवा, मनापासून सांगतो. 'भाऊ, तिखट झोंबते काय? तोंडात तीन बोटं जातात काय?' एवढं विचारायचं आणि ऐकायचं. ही तोंड आखडत असल्याची लक्षणं; खर्र्यातल्या सुपारीनं आखडलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही, म्हणून तपासणी लवकर हवी.