संपादनाचं सॉफ्टवेअर आल्यावर मुद्रितशोधक कशाला? बेळगाव-खानापूर-निपाणीकरांनो, बोला

सीमाभागी (धागा यांचा)

कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या साहित्य संमेलनांचे दिवस आले की स्मरणिकांची गडबड सुरू होते आणि दरवर्षी त्याच चुका छापून येतात. 'महत्व', 'तत्व', 'उज्वल'. मुद्रितशोधनावर पैसे घालूनही हे होत असेल तर तो खर्च बंद करा. लिब्रेऑफिस फुकट आहे. त्याला मराठी शब्दकोश जोडला की चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते. उरलंसुरलं एआयला द्यायचं, 'शुद्ध करून दे' म्हणायचं. माणूस तिसऱ्या वाचनाला थकतो, यंत्र थकत नाही. लेखकानं स्वतः तपासावं आणि थेट छपाईला द्यावं.

टिळकवाडीची मुद्रितशोधक

हे वाचून गप्प बसवेना. लाल रेघ म्हणजे संपादन, हा समज आधी काढून टाका.

तो शब्दकोश चालतो कसा? एका फायलीत शब्दांची यादी आणि दुसरीत प्रत्ययांचे नियम. शब्द यादीत सापडला, किंवा नियमानं प्रत्यय सोलून सापडला, तर बरोबर, नाहीतर लाल. हे सोलणं दोन थरांपर्यंत चालतं. आता 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा शब्द घ्या. घर, सामान्यरूपाचा (प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं रूप बदलतं, त्याचा) आ, समोर, च्या, ना, सुद्धा. मराठी लिहिणारा माणूस असे शब्द दिवसभर लिहितो. यादी करणाऱ्यानं असली जोडरूपं आधीच घालून ठेवली नसतील तर बरोबर शब्दाखाली रेघ येणारच. पानात अशा पंधरा-वीस रेघा दिसल्या की लेखकाची नजर मरते आणि खरी चूक त्याच गर्दीत लपते.

याच्या उलटा धोका जास्त मोठा. रेघ येत नाही, पण शब्द चुकलेला असतो. 'पिक' म्हणजे कोकीळ, 'पीक' शेतातलं. 'दिन' दिवस, 'दीन' गरीब. 'शिर' डोकं, 'शीर' रक्ताची. 'सुत' मुलगा, 'सूत' धागा. दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे 'यंदा पिक चांगलं आलं' याला यंत्र हात लावत नाही. ते वाक्य वाचतच नाही, एकेक शब्द वाचतं. स्मरणिकेत शेतीवरचा लेख असेल तर पानोपानी कोकिळा उडतील.

आणि 'महत्व'चं म्हणाल, तर तो फक्त शोधा-बदला करून दोन मिनिटांत जातो. त्यासाठी मुद्रितशोधकाला घरी बसवायची गरज नाही.

सीमाभागी

शोधा-बदला तर मीही सांगतोय की! 'आणी'चा 'आणि' करा, 'कि'चा 'की' करा, 'सर्व बदला' दाबा, झालं. यात तज्ज्ञ कशाला लागतो?

टिळकवाडीची मुद्रितशोधक

यासाठीच लागतो. 'आणी' सरसकट बदललात की 'आणीबाणी'ची 'आणिबाणी' होते आणि 'उद्या आणीन'चं 'उद्या आणिन' होतं. 'कि' सरसकट बदललात की 'किती'चं 'कीती', 'किल्ला'चं 'कील्ला'. 'पूर्ण शब्दच शोधा' या पर्यायावर देवनागरीत डोळे मिटून भरवसा ठेवू नका. शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा घालून शोधलं तर स्वल्पविरामाला चिकटलेले सुटतात, ते वेगळे शोधावे लागतात. 'सर्व बदला' हे बटण कागद छापून झाल्यावर रडवतं.

खानापूरची कथा

तुम्ही दोघंही लेखांवर बोलताय. कथेचं काय? आमच्या पात्राच्या तोंडी 'थोरला रान नांगरायलाय' असं वाक्य असतं. म्हणजे आत्ता, या घडीला तो नांगरतोय. शब्दकोश त्याखाली रेघ मारतो आणि 'नांगरायला' सुचवतो. एक अक्षर गेलं आणि अर्थ उलटला: काम चालू होतं, ते आता करायचं राहिलं. एआयला दिलं तर तो 'नांगरत आहे' करतो. अर्थ राहिला, माणूस गेला. खानापूरच्या शेतावरचा थोरला कुठल्यातरी कार्यालयात जाऊन बसला.

कानडी संवादाचं तर बघूच नका. 'ऊट आतेन्री?' लिहिलं, म्हणजे जेवण झालं का, तर 'ऊट'ला 'ऊठ' सुचवतो. जेवलात का विचारणाऱ्या बाईनं पाहुण्याला उठवलं!

तरी मी सॉफ्टवेअर सोडा म्हणणार नाही. लिब्रेऑफिसमध्ये संवादाला वेगळी अक्षरशैली करा, तिच्या फॉन्टच्या खान्यात भाषा 'काहीही नाही' अशी ठेवा. वर्डमध्ये मजकूर निवडून 'शुद्धलेखन तपासू नका' ही खूण करता येते. मग निवेदनातल्याच चुका दिसतात आणि संवाद सुरक्षित राहतो. हे न करता बोलीतली अख्खी कादंबरी वर्डला दिली तर चुका फार झाल्या म्हणून तो रेघा दाखवायचंच बंद करतो.

निपाणीचे गुरुजी

यात शुद्धलेखनाच्या नियमांचा विचार कोणी करणार आहे का? १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठराच नियम आहेत. तेवढे पाठ केले तर रेघेची वाट बघावी लागत नाही. फूल-फुलाला, गरीब-गरिबाला, वकील-वकिलांना: उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर, दीर्घ असेल तर सामान्यरूपात ऱ्हस्व. तत्समाला, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दाला, ते लागू नाही, म्हणून शरीर-शरीराला. हा फरक ज्याला कळतो त्याला यंत्राची सुचवणी घ्यावी की टाकावी ते कळतं. ज्याला कळत नाही तो सुचवणीतला पहिला शब्द उचलतो.

आणि बोलण्यातली 'केलं', 'असं' ही रूपं अनुस्वार देऊन लिहायला नियमांतच मोकळीक आहे. तरी एआय ती 'केले', 'असे' करून टाकतो. तशी सूचना आधी द्यावी लागते.

शहापूरचा प्रेसवाला

सगळं खरं, पण तुम्ही जे तपासताय ते छापलं जातच नाही हे कोणी बोलत नाही! तुम्ही युनिकोडात तपासून पाठवता. आमच्याकडं पान लागतं जुन्या फॉन्टात. मध्ये कन्व्हर्टर, म्हणजे युनिकोडातला मजकूर जुन्या फॉन्टात बदलणारा प्रोग्राम. तुमची शुद्ध फाईल तिथं पुन्हा अशुद्ध होते आणि शिव्या प्रेसला.

जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात, रफार (अक्षराच्या डोक्यावरचा र) नंतर. युनिकोडात वेलांटी अक्षरानंतर आणि रफाराचा र आधी. उलटसुलट करताना कन्व्हर्टर चुकला की 'आर्थिक'चं 'आथिर्क', 'वार्षिक'चं 'वाषिर्क'. हे तुम्ही सगळ्यांनी छापील पानावर बघितलंय.

टिळकवाडीची मुद्रितशोधक

मग जुना फॉन्ट सोडा ना! दोष कन्व्हर्टरचा, आणि तो वापरायचा हट्ट तुमचा. लेखकानं तपासायचं, आम्ही तपासायचं, आणि शेवटी तुमच्या एका बटणानं सगळं पाण्यात.

शहापूरचा प्रेसवाला

हट्ट म्हणू नका, ताई. आम्ही पान लावतो त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, हे आम्हालाही माहीत आहे. पण वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकाची पानं त्याच फायलींत आहेत. शीर्षकाचे जाडजूड फॉन्ट युनिकोडात तसे मिळत नाहीत. आणि ऑपरेटरची बोटं त्याच कीबोर्डला बसलेली.

टिळकवाडीची मुद्रितशोधक

बोटांची सबब चालणार नाही. रेमिंग्टन पद्धतीचा कीबोर्ड युनिकोडातही मिळतो, बोटं तीच राहतात. शीर्षक हवं तर जुन्या फॉन्टात करून चित्र म्हणून लावा. आतला मजकूर युनिकोडातच ठेवा. पान लावायच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लावा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात आणि मग तुम्ही म्हणता युनिकोड वाईट. अक्षरांची भाषा मराठी ठेवा. फॉन्टात सोय असेल तर पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो. भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळणाचे येतात आणि लोक म्हणतात फॉन्ट बदला.

शहापूरचा प्रेसवाला

आणि 'दऱ्या'चं काय? तोही आमचाच दोष?

टिळकवाडीची मुद्रितशोधक

तो दोघांचाही. हा अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाईप होतो. एकात साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि न दिसणारं जोडचिन्ह. दुसऱ्यात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ आणि हलन्त. कागदावर दोन्ही सारखे. एका लेखकाच्या फोनवरून एक येतो, दुसऱ्याच्या संगणकावरून दुसरा. एक शोधला की दुसरा सापडत नाही आणि शब्दकोशाला एक चूक वाटतो. कन्व्हर्टर त्या न दिसणाऱ्या चिन्हाला गाळतो, मग 'जांबोटीच्या दऱ्या'चा 'जांबोटीच्या दर्या' होतो. डोंगरात समुद्र! 'आचाऱ्यांना बोलवा'चं 'आचार्यांना बोलवा' होतं. दोन्ही शब्द कोशात, रेघ कुठेच नाही.

उपाय असा: मजकूर हाती आला की पहिल्याप्रथम एक तऱ्हा ठरवायची. मजकुरातूनच एका तऱ्हेचा अर्धा ऱ कॉपी करून शोधाच्या खान्यात, दुसरा बदलीच्या खान्यात. ऱ्य आणि ऱ्ह दोन्ही वेगवेगळे करायचे. तसंच विसर्ग. 'दुःख'मध्ये बऱ्याच जणांनी अपूर्णविराम टाईप केलेला असतो.

सीमाभागी

मग 'आथिर्क'ही असाच सरसकट दुरुस्त होईल की. वेलांटी-रफार ही जोडी शोधायची आणि उलटी करायची.

शहापूरचा प्रेसवाला

तिथं मात्र हात लावू नका! 'निर्णय', 'निर्मळ', 'किर्लोस्कर' यांत तीच जोडी बरोबर आहे. सरसकट उलटलीत तर 'निर्णय'सारखे बरोबर शब्दही बिघडतील. एकेक थांबून बघायचं, 'पुढचं शोधा' करत. त्याला माणूसच लागतो, आता हे मीच म्हणतोय.

निपाणीचे गुरुजी

मूळ प्रश्न मुद्रितशोधकाचा होता आणि तुम्ही छापखान्यात अडकलात. एआयबद्दल कोणी तरी नीट सांगा. लेखक अख्खं प्रकरण त्यात ओततात.

खानापूरची कथा

अख्खं ओतलं की तो मधली वाक्यं गाळतो आणि कळू देत नाही. पाचशे-सातशे शब्दांचे तुकडे द्या. 'फक्त शुद्धलेखन बघ, शब्द आणि वाक्यरचना बदलू नको, बदलांची यादी वेगळी दे' असं सांगा. तरीही भरवसा नको. मूळ फाईल आणि आलेली फाईल वर्डच्या किंवा लिब्रेऑफिसच्या 'दस्तऐवजांची तुलना'त घाला. प्रत्येक फरक रंगून दिसतो, हवा तो घ्या, नको तो नाकारा. ही पायरी जो टाळतो त्यानं एआय वापरूच नये. येळ्ळूरचं नाव कुठल्या पानावर बदललं हे त्याला छापून झाल्यावर कळेल.

एक चांगली गोष्टही सांगते, कारण इथं कोणी काढली नाही. एज ब्राउझर मराठी आवाजात मजकूर वाचून दाखवतो. डोळे बंद करून ऐका. दोनदा पडलेला 'आहे', गळलेला 'नाही', डोळ्याला सुटतो, कानाला नाही. यासाठी मी सॉफ्टवेअरला पूर्ण मार्क देते.

सीमाभागी

बरं. थेट छपाईला द्या, हे माझं वाक्य मागे घेतो. मुद्रितशोधकाचा खर्च वाचवा, हे नाही घेत. कारण ताई, तुम्ही सांगितलेली अर्धी कामं, म्हणजे अर्ध्या ऱची एक तऱ्हा, विसर्ग, 'महत्त्व', दोन मोकळ्या जागांची एक करणं, हे लेखकानं आधीच केलं तर तुमच्या टेबलावर निम्मं काम जाईल. मग दरही निम्मा का नको?

टिळकवाडीची मुद्रितशोधक

ती कामं लेखकानं केलीत तर मला आनंद आहे, आणि तेवढे पैसे कमी घ्यायला माझी हरकत नाही. पण अट आहे. गावांची नावं आणि आडनावं वैयक्तिक शब्दकोशात घालताना एकट्या 'येळ्ळूर'वर थांबू नका. 'येळ्ळूरला', 'येळ्ळूरचा', 'येळ्ळूरकरांनी' सगळी रूपं घाला, आणि घालायच्या आधी ती बरोबर आहेत का मला विचारा. चुकलेलं नाव एकदा त्या कोशात गेलं की त्याखाली पुन्हा कधी रेघ येत नाही.

शहापूरचा प्रेसवाला

आणि कन्व्हर्टरनंतरचं प्रूफ माझ्याकडून मागून घ्या. आधीचं नव्हे, नंतरचं. यंदाच्या स्मरणिकेचा आतला मजकूर युनिकोडात लावून बघतो. फक्त आतला. शीर्षकं माझी मी करणार.