पावसाळी रात्री मुख्य अलार्म पॅनलवरून दोन इमारती ‘गायब’ होतात : दोष कुठून शोधावा?

प्रश्न (गृहसंस्थेची सचिव, बाणेर)

नमस्कार. आमच्या गृहसंस्थेत अ, ब आणि क अशा तीन इमारती असून प्रत्येक इमारतीत आगीची सूचना देणारे स्वतंत्र ॲड्रेसेबल (प्रत्येक डिटेक्टरची जागा वेगळी दाखवणारे) पॅनल आहे. ही तिन्ही पॅनल दोन तारांच्या आरएस-४८५ जोडणीने (पॅनलमधले संदेश नेणाऱ्या) प्रवेशद्वाराजवळच्या सुरक्षा चौकीतील मुख्य पॅनलला जोडलेली आहेत. केबल चौकीतून अ इमारतीत, तिथून जमिनीखालच्या पाइपमधून ब इमारतीत आणि शेवटी क इमारतीत जाते. जोराचा पाऊस झाला की रात्री मुख्य पॅनलवर ब आणि क या दोन्ही इमारतींशी संपर्क तुटल्याचा पिवळा दिवा लागतो, आणि ऊन पडल्यावर दुपारपर्यंत तो आपोआप विझतो. याच काळात ब इमारतीच्या पॅनलवर ‘अर्थ फॉल्ट’ही (जमिनीकडे वीजगळती) दिसतो. बझर सतत वाजत असल्यामुळे सुरक्षारक्षक तो बंद करून ठेवतात, आणि पावसाळा संपेपर्यंत या दोन इमारती पॅनलमधून वगळून ठेवाव्यात असा प्रस्ताव आता समितीपुढे आला आहे. मला तो मुळीच पटत नाही, परंतु समितीला पटेल असे तांत्रिक कारण मला हवे आहे. तपास नेमका कुठून सुरू करावा?

उत्तर (अलार्म यंत्रणा तंत्रज्ञ, भोसरी)

प्रस्ताव आपल्याला पटला नाही हे योग्यच झाले. पॅनलमधून वगळलेली इमारत मुख्य पॅनलवर शांत दिसते, पण ती सुरक्षित आहे म्हणून नव्हे, तर तिच्याकडे कोणी पाहत नाही म्हणून.

तारांना हात लावण्याआधी ब आणि क इमारतींच्या पॅनलसमोर उभे राहून त्यांच्या स्वतःच्या नोंदी वाचाव्यात. मुख्य पॅनलने संपर्क तुटल्याची वेळ नोंदवली आहे, त्या वेळी ब पॅनलने मुख्य वीज गेल्याची किंवा बॅटरी उतरल्याची नोंद केली असेल, तर दोष वीजपुरवठ्यात आहे. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते त्या दिवसांच्या नोंदीही याच दृष्टीने पाहाव्यात, कारण १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक जरी थकली असेल तरी ते अशा वेळी उघडे पडते. (बॅटऱ्या बदलताना दोन्ही एकदमच बदलाव्यात, जुनी आणि नवी अशी जोडी टिकत नाही.) मात्र ब आणि क पॅनल त्या रात्री व्यवस्थित चालू होते असे नोंदींत दिसले, तर दोष पॅनलमध्ये नसून वाटेत आहे. आपल्या वर्णनावरून मला दुसरीच शक्यता अधिक वाटते. अ टिकते आणि ब व क दोन्ही एकत्र जातात, याचा अर्थ अडचण अ आणि ब यांच्यामधल्या तुकड्यात आहे. एकटी ब गेली असती आणि क दिसत राहिली असती, तर मुख्य केबल शाबूत असून ब इमारतीचे संपर्क कार्ड किंवा तिथले टर्मिनल संशयित ठरले असते.

जमिनीखालच्या पाइपच्या वाटेवर केबलचा जोड असलेला एखादा चेंबर आहे का, ते आधी पाहावे. पाणी साचणाऱ्या चेंबरमध्ये चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड पावसाळ्यात टिकत नाही. त्या टप्प्यात जोड नसलेली सलग केबल टाकणे हाच खरा उपाय आहे.

उत्तर (विद्युत अभियंता, कोथरूड)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक सावधगिरी सुचवतो. संपर्क तुटणे आणि अर्थ फॉल्ट या दोहोंचे मूळ एकच आहे असे आधीच गृहीत धरू नये. पाऊस दोघांचेही निमित्त असू शकतो आणि ठिकाणे मात्र वेगळी असू शकतात.

या पॅनलची २४ व्होल्टची बाजू साधारणपणे जमिनीपासून अलग ठेवलेली असते. तिचा धन किंवा ऋण ध्रुव ओलाव्यातून जमिनीला टेकला की पॅनल अर्थ फॉल्ट दाखवते. एका ध्रुवाची गळती असताना यंत्रणा चालू राहते, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण दुसऱ्या ध्रुवाचीही गळती सुरू झाली तर जमिनीतून शॉर्ट सर्किट होते आणि ज्या क्षणी हूटर वाजायला हवा त्याच क्षणी तो गप्प राहू शकतो. समितीला सांगण्यासाठी हे कारण पुरेसे आहे.

दोष दिसत असतानाच मल्टिमीटरने धन ते अर्थ आणि ऋण ते अर्थ असे दोन्ही व्होल्टेज मोजावेत. ज्या ध्रुवाचे व्होल्टेज शून्याजवळ आले आहे, त्या ध्रुवाची गळती आहे. त्यानंतर एकेका लूपची (पॅनलपासून निघून डिटेक्टरांमधून फिरून पॅनलकडेच परतणाऱ्या तारेची) दोन्ही टोके सोडवून दोष जातो का ते पाहावे. लूप दोन्ही बाजूंनी जोडलेला असल्यामुळे एकच टोक सोडवून काही कळत नाही. दोषी लूप सापडल्यावर तळघराच्या उतारावरील हाताने दाबायचे कॉल पॉइंट, गच्चीवरील हूटर आणि वरून केबल शिरणारे जंक्शन बॉक्स आधी उघडावेत. डिटेक्टर जोडलेले असताना मेगर (तारांचे आवरण तपासण्याचे यंत्र) मात्र कदापि लावू नये, कारण त्याच्या उच्च व्होल्टेजने सगळ्या लूपवरील उपकरणे निकामी होऊ शकतात.

संपर्काच्या तारांसाठी, सर्व पॅनलची वीज बंद करून दोन तारांमधला रोध मोजावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतील तर मीटर सुमारे ६० दाखवेल. १२० दाखवला तर एका टोकाचा रोधक नाही, किंवा मध्ये तार तुटलेली आहे. शील्डचे (केबलमधल्या धातूच्या आवरणाचे) अर्थिंग एकाच टोकाला असावे. वीज बंद असेपर्यंत मात्र प्रत्येक इमारतीत एक माणूस फिरता ठेवावा आणि १०१ हा क्रमांक त्याच्याजवळ असावा.

उत्तर (प्रश्नकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. नोंदी पाहिल्या असता ब आणि क पॅनल त्या सर्व रात्री चालू होते, आणि अ व ब यांच्यामधल्या चेंबरमध्ये पाण्यात बुडालेला जोड सापडला. अर्थ फॉल्ट मात्र वेगळाच निघाला : ब इमारतीच्या तळघरातील उतारावरच्या कॉल पॉइंटमध्ये वरून पाणी शिरत होते. सलग केबलचा खर्च समितीने मान्य केला आहे. ती येईपर्यंत रक्षकांनी नेमके काय करावे?

उत्तर (अलार्म यंत्रणा तंत्रज्ञ, भोसरी)

बझर बंद करण्यास हरकत नाही, परंतु त्याच वेळी रक्षकाने ब आणि क इमारतींच्या पॅनलकडे जाऊन ती चालू असल्याचे पाहावे आणि वहीत वेळ लिहावी. संपर्क तुटला तरी अशी पॅनल सहसा आपापल्या इमारतीचे डिटेक्टर पाहत राहतात आणि तिथले हूटर वाजवतात. मुख्य पॅनलवरून होणारी लिफ्ट खाली आणणे, पंखे किंवा पंप सुरू करणे यांसारखी कामे मात्र होतीलच असे नाही. आपल्याकडे ही कामे कोणते पॅनल करते, ते देखभाल करणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्यावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे जे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यावर सही होण्यापूर्वी हे दोन्ही दोष त्यांच्या नजरेस आणून द्यावेत.

पुढे शक्य झाल्यास इमारतींमधल्या टप्प्यासाठी फायबर (काचेच्या तंतूंची, वीज न वाहणारी केबल) घ्यावी. तिच्यातून विजेच्या कडकडाटाचा धक्का एका इमारतीतून दुसरीत जात नाही. नवी केबल जोडल्यावर क इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील एक डिटेक्टर चाचणीच्या धुराने चालू करावा आणि चौकीतील पॅनलवर अचूक मजला व अचूक जागा उमटते का ते पाहावे.