चरस, राळ, कस: हशीशची 'क्वालिटी' मराठीत नेमकी कशी सांगायची?

व्यसनमुक्तीच्या कामासाठी एक माहितीपत्रक मराठीत लिहितेय. विषय असा की लोक घरच्या घरी हशीश चांगलं की वाईट कसं ठरवतात आणि त्या ठरवण्यात तथ्य किती. पहिल्याच ओळीला अडकले. हशीश आणि चरस एकच का? ते ज्याचं बनतं त्याला बातम्यांत कधी चीक, कधी डिंक, कधी राळ म्हटलेलं दिसतं, यातलं बरोबर काय? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे 'क्वालिटी'. दर्जा लिहिलं की परिपत्रक वाटतं, प्रत लिहिलं की धान्य आठवतं, शुद्धता लिहिलं तर काहीतरी चुकतंय असं सारखं वाटतंय पण काय ते बोट ठेवून सांगता येत नाहीये. जाता जाता अमली की अंमली तेही सांगा.

*

ताई, चीक तर अजिबात नको. चीक म्हणजे झाडाला इजा झाली की दुधासारखा पाझरतो तो, रुईचा, पपईचा, अफूच्या बोंडाला चिरा पाडून काढतात तोही चीकच. गांजाच्या झाडातून असं काही पाझरत नाही. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर बारीक बारीक केस असतात, त्यांच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी गाठ असते आणि चिकट द्रव्य त्या गाठीत भरलेलं असतं. ते हातावर चोळून काढा नाहीतर वाळलेला फुलोरा चाळणीवर झाडून काढा, गोळा होतात त्या या गाठीच.

डिंकही नाही. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, हे विरघळत नाही, हे स्पिरिटात किंवा तेला-तुपात विरघळतं, म्हणून ती राळ. आणि हा नुसता शब्दांचा कीस नाहीये, बर्फाच्या पाण्यात फुलोरा ढवळून हशीश काढतात ना, त्यात थंडीने गाठी ठिसूळ होऊन तुटतात आणि तळाशी बसतात, डिंक असता तर पाण्याबरोबर वाहून गेला असता. भांग दुधातून घेतात त्यामागेही दुधातला स्निग्धांश आहेच.

*

हशीश आणि चरस याबद्दल माझे दोन पैसे. हशीश मूळ अरबी, अर्थ नुसता वाळलेलं गवत, म्हणजे शब्दात राळेचा मागमूस नाही, तो अर्थ नंतर चिकटला. चरसचं उलटं, हिंदीत चरस म्हणजे मोटेचं चामडी पात्रसुद्धा, आणि राळ चामड्याच्या पिशव्यांतून यायची म्हणून तेच नाव पडलं असं एक मत आहे. एकोणिसाव्या शतकात मध्य आशियातल्या यारकंदहून लेहमार्गे चरस येत असे हे ब्रिटिश सरकारने गांजा-भांग-चरसच्या चौकशीसाठी नेमलेल्या 1893-94 च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात आहे, त्यामुळे ते मत मला पटण्यासारखं वाटतं.

आज वापरात फरक इतकाच की जिवंत झाडावर हात चोळून काढलेल्याला आपल्याकडे चरस म्हणतात आणि चाळून दाबलेल्या वडीला जगभर हशीश. कायदा मात्र हा फरक करत नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे नशेच्या पदार्थांवरच्या आपल्या कायद्यात, झाडापासून वेगळी केलेली राळ, कच्ची असो की शुद्ध केलेली, सगळी चरस, हशीश ऑइलसुद्धा त्यातच. गांजा म्हणजे फुलोरा. नुसती पानं आणि बिया गांजात येत नाहीत, भांगेला जागा मिळते ती तिथून. तेव्हा माहितीपत्रकात चरस लिहा, एकदाच 'म्हणजे हशीश' असं म्हणा आणि पुढे जा.

लिंगाकडेही लक्ष द्या, गांजा ओढला, चरस ओढला, पण भांग प्यायली. भांग पुल्लिंगी केलात तर तो केसांतला होईल 🙂

*

आता क्वालिटी. मला वाटतं ताईंची अडचण अशी आहे की इंग्रजीत एका शब्दात तीन गोष्टी कोंबल्यात आणि मराठीत त्या सुट्या आहेत, आणि सुट्या आहेत हे चांगलंच आहे.

एक, शुद्ध किंवा निर्भेळ, म्हणजे राळेत पानाचा चुरा, माती, मेण, तेल असं काही मिसळलेलं नाही. दोन, जहाल, म्हणजे टीएचसी किती आहे (राळेतलं नशा आणणारं मुख्य द्रव्य, गाओनी आणि मेशुलम या शास्त्रज्ञांनी 1964 साली वेगळं करून दाखवलं ते). तीन, निर्धोक, म्हणजे त्यात बुरशी, जंतू, फवारलेलं रसायन नाही. निर्भेळ माल बेताचा जहाल असू शकतो, फार जहाल माल घाणेरडा असू शकतो. ताईंना शुद्धता खटकत होती ती यामुळेच, वाचणारा शुद्ध वाचतो आणि निर्धोक समजतो, तूप शुद्ध असलं की खायला हरकत नाही तसं.

आणि एक जुना शब्द आहे, कस. सोन्याचा कस दगडावर घासून पाहतात ती कसोटी, आणि जमिनीचा कस म्हणजे तिची ताकद. पारख आणि जोर दोन्ही त्या एका शब्दात बसलेत. पण इथे मी तो वापरणार नाही, कारण कस आहे म्हटलं की कौतुक होतं.

*

हे तीन शब्द मिळाले आणि डोकं एकदम साफ झालं, खरंच आभार. मग घरगुती खुणा त्यात टाकून बघते. काळा कुळकुळीत म्हणजे भारी, ज्योत लावल्यावर बुडबुडे आले म्हणजे अस्सल, राख पांढरी पडली म्हणजे एक नंबर. या तिन्ही खुणा निर्भेळपणाबद्दल बोलतात ना? जहालपणाबद्दल नाही?

*

निर्भेळपणाबद्दलसुद्धा अर्धवटच. हातावर चोळलेल्या चरसची बाहेरची बाजू हवेने आणि हाताळण्याने काळी पडते, आत तपकिरी किंवा हिरवट असतो, आणि जुना होत गेला की टीएचसी मोडून सीबीएन हे त्याहून बरंच सौम्य द्रव्य होतं, म्हणजे काळेपणा कधीकधी शिळेपणाच असतो. बुडबुडे राळ वितळल्यानेही येतात आणि आत ओल राहिली असेल तर पाण्याच्या वाफेनेही येतात. वास आणि बोटाच्या उबेने मऊ होणं या त्यातल्या त्यात बऱ्या खुणा, पण त्या ताजेपणाच्या. राखेवरून फार तर मातीबिती होती का एवढं.

टक्केवारी फक्त लॅबच सांगते. आणि तिसरा शब्द, निर्धोक, त्याला घरात खूणच नाही, हे ठळक टाईपात टाका. 2019 साली माद्रिदच्या रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या हशीशची तपासणी छापून आली, बहुतेक नमुन्यांत ई. कोलाय सापडला, विष्ठेतला जंतू, कारण गोळ्या पोटात लपवून आणतात. त्याचा ना रंग दिसतो ना बुडबुडा येतो. कृत्रिम कॅनाबिनॉइड, म्हणजे टीएचसीसारखं काम करणारं बनवलेलं रसायन, फवारलेला माल तर दिसायला अगदी नेहमीसारखा असतो आणि माणूस नेहमीइतकाच घेतो आणि कोसळतो. मी अशा एका पोरासोबत रात्र काढलीय, घरच्यांचं सारखं एकच चाललं होतं की माल चांगला होता हो, त्याने बघून घेतला होता. त्या 'चांगला'चा अर्थ शुद्ध होता, एवढंच.

*

मग 'चांगला' हा शब्द मी पत्रकातून पूर्ण काढतेय. पहिली ओळ अशी केली: "चरस निर्भेळ आहे का याचा थोडा अंदाज घरी येतो, किती जहाल आहे याचा येत नाही, आणि निर्धोक आहे का हे घरी कळतच नाही." चालेल?

*

चालेल. फक्त 'थोडा'च्या जागी 'अर्धवट' घाला, थोडा म्हटलं की लोकांना तेवढाही पुरतो.

आणि अंमली राहिलंच. अरबी अमल म्हणजे काम, कारभार, त्यावरून मराठीत अंमल, राज्याचाही आणि दारूचाही. मराठीत अनुस्वार रुळलाय, अंमलदार, अंमलबजावणी, म्हणून मी अंमली लिहितो. अमली लिहिणारेही चूक नाहीत, एका पत्रकात दोन्ही नकोत इतकंच. कैफ पण अरबीच बरं का, मोरोक्कोत किफ म्हणतात तो तोच शब्द, तिकडे तो पदार्थाचं नाव झाला आणि आपल्याकडे चढण्याचं.